गेलिक माध्यमाची प्राथमिक शाळा: पहिल्या तीन वर्षांत वर्गात नेमकं काय चालतं?

पळसफूल

गडचिरोलीत मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ पासून गोंडी माध्यमाची शाळा चालवली आहे. अशा शाळांचा विषय निघाला की स्कॉटलंडचं उदाहरण हमखास येतं, पण "त्यांनी भाषा शाळेत आणली" याच्या पुढे कुणी सांगत नाही. म्हणून हा धागा.

मला माहीत आहे ते एवढं: १९८५ मध्ये ग्लासगो आणि इन्व्हर्नेस या दोन गावांत मिळून २४ मुलांवर गेलिक (स्कॉटलंडची जुनी, इंग्रजीहून वेगळी भाषा) माध्यमाचे वर्ग सुरू झाले. आज नुसत्या प्राथमिकमध्ये साडेतीन हजारांच्या वर मुलं आहेत आणि त्यातल्या बहुतेकांच्या घरी इंग्रजी बोलतात. म्हणजे हे मातृभाषेतून शिक्षण नव्हे, घरात नसलेल्या भाषेतून शिक्षण आहे. ज्या गावांत पोरांनी गोंडी, कोरकू सोडून दिली आहे तिथे हाच प्रश्न उभा राहतो.

तर विचारायचं असं. भाषेचा एकही शब्द न कळणारं पाच वर्षांचं मूल पहिले दोन-तीन महिने काय करतं? वाचन कधी आणि कसं सुरू करतात? गणिताचं काय? इंग्रजी कधी आणतात, आणि ती आली की काय बिघडतं?

"भाषा टिकली पाहिजे" यावर इथे सगळ्यांचं एकमत आहेच. वर्गात काय करतात ते लिहा.

उत्तरवारा

आधी ढाचा. स्कॉटलंडमध्ये प्राथमिक शाळा सात इयत्तांची. मूल साडेचार ते साडेपाच वर्षांचं असताना ऑगस्टमध्ये पहिलीत येतं. पहिली ते तिसरी सगळंच्या सगळं गेलिकमधून. याला पूर्ण निमज्जन म्हणतात. चौथी ते सातवी विषय गेलिकमधूनच, पण इंग्रजी वाचन-लेखन सुरू होतं. त्याआधी बालवाडी, जिला तिथे 'क्रॉलेगन' हा जुना शब्द आहे. बालवाडीतून आलेलं मूल आणि थेट पहिलीत आलेलं मूल यांत पहिल्या वर्षी मोठा फरक दिसतो, म्हणून नवी शाळा काढताना बालवाडी आधी काढतात.

(स्कॉटिश लोक आपल्या भाषेला 'गालिक' म्हणतात. आयर्लंडची आयरिश वेगळी. खालच्या शब्दांत ख़ हा घशातून घासत येणारा, 'खबर' उर्दूत म्हणतात तसा.)

पहिले दोन-तीन महिने मूल ऐकतं, आणि इंग्रजीतून उत्तरं देतं. ते चालतं. मुलाने कुठली भाषा बोलावी यावर सुरुवातीला बंधन नसतं, शिक्षकाने कुठली बोलावी यावर असतं. मूल इंग्रजीत म्हणालं, "माझा कोट सापडत नाही", तर शिक्षिका गेलिकमध्ये म्हणते, "तुझा कोट सापडत नाही? चल, कोट शोधू. हा कोट तुझा का?" मुलाचंच वाक्य त्याला गेलिकमध्ये परत मिळतं, रागावणं नाही आणि भाषांतरही नाही.

घात होतो तो भाषांतराने. गेलिक वाक्य, लगेच त्याचं इंग्रजी, पुन्हा गेलिक, पुन्हा इंग्रजी. आठवड्याभरात मुलांना कळतं की पहिलं वाक्य ऐकलं नाही तरी चालतं. मग ती इंग्रजीचीच वाट बघतात. हावभाव, चित्र, वस्तू, दुसऱ्या मुलाकडून करून दाखवणं, काहीही चालेल. अपवाद दोनच: मूल घाबरलेलं असेल किंवा दुखापत झाली असेल तर.

पहिल्या आठवड्यात तोंडी बसवायचं वाक्य जवळजवळ सगळीकडे एकच असतं: "अम फूद मी अ घॉल घन ताय वेक?" म्हणजे 'मी शौचाला जाऊ का?' गरजेचं असतं, रोज लागतं, आणि त्यातून 'अम फूद मी', म्हणजे 'मी ... का? परवानगी आहे?', हा साचा आयता मिळतो. पुढे त्याच साच्यात पाणी पिऊ का, बाहेर जाऊ का, हे बसतं.

खडूपाटी

उत्तरवारा यांना अनुमोदन. त्यात कोटाच्या खुंट्यांची भर घालते, कारण व्याकरणाचा सगळ्यात चांगला वर्ग तिथेच भरतो. पाऊस कायमचा, त्यामुळे दिवसातून चार-सहा वेळा कोट घाला, कोट काढा.

"कुर ऑर्श्त द ख़ॉता." शब्दशः: 'ठेव तुझ्यावर तुझा कोट.' काढताना "हॉर यीअत द ख़ॉता", म्हणजे 'तुझ्यापासून काढ'. गेलिकमध्ये शब्दयोगी अव्यय आणि सर्वनाम मिळून एकच शब्द होतो: माझ्यावर 'ऑरम', तुझ्यावर 'ऑर्श्त', त्याच्यावर 'एर', तिच्यावर 'ऑरा'. भूकही याच रूपात लागते, 'भूक आहे माझ्यावर'. इंग्रजी बोलणाऱ्या मुलाला हे तक्त्यावरून शिकवलं तर वर्ष जातं. रोज खुंटीपाशी वीस मुलांना वीसदा ऐकू आलं की दिवाळीच्या सुमारास मुलं एकमेकांना सांगू लागतात. मराठी माणसाला यात नवल वाटणार नाही, आपणही कोट 'अंगावर' चढवतो आणि भूक आपल्याला 'लागते'.

दुसरं, गेलिकमध्ये सुटं 'हो' आणि 'नाही' नाही. क्रियापदच परत म्हणायचं. "अन द ख़ुर ऊ ऑर्श्त द ख़ॉता?" (कोट घातलास का?) याचं उत्तर "ख़ुर" (घातला) किंवा "ख़ा दो ख़ुर" (नाही घातला). म्हणजे साध्या होकारासाठीही मुलाला प्रश्नातलं क्रियापद ऐकावंच लागतं. हे शिक्षकाच्या हातातलं मोठं साधन आहे, पण नवे शिक्षक मुलाची मान हलली की पुढे जातात आणि ते वाया जातं. थांबायचं. शब्द येईपर्यंत थांबायचं. आला नाही तर आपण म्हणायचा आणि मुलाने परत म्हणायचा.

अक्षरगाठ

वाचनाबद्दल लिहितो, कारण गेलिक माध्यमाच्या बाहेरच्या लोकांचे गैरसमज इथेच जास्त.

लिपी रोमनच, पण अक्षरं १८. जे, के, क्यू, व्ही, डब्ल्यू, एक्स, वाय, झेड नाहीत. आणि अक्षर तेच असलं तरी उच्चार तो नाही. एफ-ई-ए-आर हा शब्द इंग्रजीत 'फिअर', भीती; गेलिकमध्ये 'फेर', पुरुष. बी-ई-ए-एन इंग्रजीत 'बीन', गेलिकमध्ये 'बेन', बायको. एस-आय-एन इंग्रजीत 'सिन', गेलिकमध्ये 'शिन'. म्हणून इंग्रजी शाळांचा ध्वनिवाचनाचा, म्हणजे अक्षरांच्या आवाजांवरून वाचायला शिकवण्याचा, संच उचलून गेलिक वर्गात वापरला तर पहिलीतच घोटाळा होतो. पश्चिम बेटांवरच्या स्टोरलान या संस्थेने गेलिकसाठी वेगळा संच केला आहे, 'फाख़्कल इस फुअम', म्हणजे शब्द आणि ध्वनी.

क्रम असा लागतो. आधी एका अक्षराला एक आवाज असलेले छोटे शब्द. मग 'एच'च्या जोड्या: सी-एच म्हणजे ख़, बी-एच आणि एम-एच दोन्ही 'व', टी-एच आणि एस-एच दोन्ही 'ह', एफ-एच बहुतेक वेळा मूक. डी-एच आणि जी-एच सगळ्यात शेवटी, कारण त्यांचा उच्चार पुढच्या स्वराप्रमाणे घशातला 'ग़' किंवा 'य' होतो. ई आणि आय हे बारीक स्वर, ए, ओ, यू हे रुंद. व्यंजनाच्या एका बाजूला बारीक स्वर असेल तर दुसऱ्या बाजूलाही बारीकच लिहायचा, रुंद असेल तर रुंद. हा नियम दुसरी-तिसरीत सांगतात, कारण अनेकवचनाचा प्रत्यय ए-एन लावायचा की ई-ए-एन, ते त्यावरून ठरतं.

जो शब्द मुलाच्या तोंडात नाही तो वाचायला द्यायचा नाही. ही अट कडक आहे. घरी ती भाषा नसल्यामुळे मूल अक्षरं जोडून शब्द बरोबर उच्चारतं, पण ओळखत नाही. बाहेरून ऐकणाऱ्याला वाटतं वाचन छान चाललंय, आत अर्थ शून्य. म्हणून पुस्तक उघडण्याआधी त्यातले पाच-सहा नवे शब्द वस्तू आणि चित्रं घेऊन बोलून घेतात, मग गोष्ट सांगतात, आणि पुस्तक त्यानंतर.

एक बारीक अडचण: जुन्या छापील पुस्तकांत स्वरांवर दोन्ही दिशांच्या तिरक्या खुणा आहेत, १९८१ च्या लेखननियमांनंतर डावीकडून उजवीकडे उतरणारी एकच राहिली. वर्गाच्या कपाटात जुनी-नवी पुस्तकं मिसळली की मुलं एकाच शब्दाची दोन रूपं बघतात. पहिली-दुसरीसाठी जुनी पुस्तकं वेगळी काढून ठेवावीत.

पळसफूल

अक्षरगाठ, फार उपयोगी. सुरुवातीला पुस्तकंच नव्हती तेव्हा काय करायचे?

अक्षरगाठ

इंग्रजी चित्रपुस्तकं विकत घ्यायची, गेलिक मजकूर टंकून पट्ट्या कापायच्या आणि इंग्रजी मजकुरावर चिकटवायच्या. शिक्षक आणि पालक मिळून हे करत. गोंडीसाठीही करता येईल, मात्र पट्टी पूर्ण अपारदर्शक हवी. खालची ओळ दिसली की मूल तीच वाचतं. आणि वाक्य त्या भाषेच्या वळणाचं हवं. चित्राखालच्या इंग्रजी ओळीच्या मापाची ओळ करायला गेलं की गेलिक शब्दांत इंग्रजी वाक्य तयार होतं, आणि ते मुलांच्या बोलण्यात उतरतं.

गणितवेल

गणिताकडे येते. गेलिकमध्ये मोजण्याच्या दोन पद्धती आहेत. जुनी विसाची: चाळीस म्हणजे 'दोन विसा', सत्तर म्हणजे 'तीन विसा आणि दहा'. आपल्याकडेही जुनी माणसं 'चार विसा' म्हणतात, तेच. दुसरी दशमान: वीस 'फिख़्यत', तीस 'त्रिहत', सत्तर 'शाख़्कत'. शाळांनी दशमान घेतली, कारण स्थानिक किंमत ऐकू येते. एकवीस म्हणजे 'वीस आणि एक', बत्तीस म्हणजे 'तीस आणि दोन'. दशक आधी, एकक नंतर, लिहितो त्याच क्रमाने. आपल्याकडे २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक' आलं तेव्हा झालेला वाद आठवत असेल. मुद्दा हाच होता.

घरात आजी-आजोबा गेलिक बोलणारे असतील तर ते विसांत मोजतात आणि मुलाला शाळेतली संख्या कळली नाही असं वाटतं. पालकांना पहिल्याच सभेत सांगावं. चौथीच्या पुढे जुनी पद्धत मुद्दाम शिकवावी, गुणाकारासाठी ती उत्तम आहे.

आता जिथे मुलं अडतात ते. नुसते अंक एक रीत, वस्तू मोजताना दुसरी. 'दोन' या शब्दानंतर नाम एकवचनी येतं आणि त्याचं पहिलं व्यंजन मऊ होतं: 'कू'चं 'दा ख़ू' (दोन कुत्रा), पण 'त्री कॉन्य' (तीन कुत्रे). अकरा ते एकोणीसमध्ये नाम संख्येच्या मधे शिरतं. तेरा कुत्रे म्हणजे 'त्री कॉन्य ज्येक', शब्दशः 'तीन कुत्रे दहावर'. तोंडी उदाहरण सांगताना मूल 'त्री' ऐकतं, ३ लिहितं, आणि शेवटचा 'ज्येक' निसटतो. बेरीज चुकते आणि शिक्षकाला वाटतं गणित कच्चं आहे. उपाय साधा: आधी नुसती संख्या म्हणा, 'त्री ज्येक', मुलांना १३ दाखवू द्या, मग नामासकट वाक्य. दोन-तीन आठवड्यांत कान तयार होतो.

माणसं मोजायचे शब्द आणखी वेगळे आहेत, आपल्या 'दोघं, तिघं, चौघं'सारखे, आणि ते दहापर्यंत जातात. हजेरीला रोज वापरले की आपोआप बसतात.

सह्यकडा

ग्लासगोत राहणाऱ्या मराठी पालकांचा प्रश्न: घरी मराठी, शाळेत गेलिक, रस्त्यावर इंग्रजी. मुलाला झेपेल का? इंग्रजी मागे पडेल अशी भीती वाटते. आणि गृहपाठ कोण घेणार?

उत्तरवारा

झेपतं. इंग्रजी टीव्हीतून, मैदानातून, शेजारातून येतेच; तिची सोय करावी लागत नाही. घरी मराठीच बोला. शाळेच्या धास्तीने घरात इंग्रजी आणली तर मुलाची मराठी जाते, आणि गेलिकला काही फायदा होत नाही.

निकालांबद्दल: एडिंबरा विद्यापीठाचा २०१० चा अभ्यास आहे. प्राथमिकच्या वरच्या इयत्तांत गेलिक माध्यमाची मुलं इंग्रजी वाचनात इंग्रजी माध्यमाच्या मुलांच्या पुढे होती, गणित-विज्ञानात मागे नव्हती. मात्र तिसरीच्या शेवटी तुमचं मूल इंग्रजी पुस्तक शेजारच्या मुलासारखं वाचणार नाही. त्याला अजून कुणी ते शिकवलेलंच नसतं. याच सुमारास काही पालक घाबरून मुलाला काढून घेतात, आणि मग दोन्हीकडचं अर्धवट राहतं. प्रवेश घ्यायचा तर सातवीपर्यंतचा विचार करून घ्या.

गृहपाठासाठी स्टोरलानने पालकांची वेगळी सोय केली आहे, शाळेतली वाचनपुस्तकं तिथे ऐकता येतात. ऐका, मुलाला वाचू द्या, आणि चित्रात काय चाललंय ते मराठीत विचारा. त्याने मराठीत सांगितलं तर गोष्ट कळली.

खडूपाटी

चौथीत इंग्रजी येते तेव्हा वर्गाने काय सांभाळायचं तेही लिहायला हवं.

वाचनाची युक्ती एकदा बसलेली असते, त्यामुळे इंग्रजी वाचन काही महिन्यांत येतं. इंग्रजी स्पेलिंग मात्र रेंगाळतं. वर अक्षरगाठ यांनी दिलेले फेर, बेन, शिन यांसारखे दोन्ही भाषांत एकाच रूपाने लिहिले जाणारे शब्द समोरासमोर मांडून शिकवावेत. वह्या वेगळ्या रंगाच्या, इंग्रजीचा तास ठरावीक, शक्यतो शिक्षकही वेगळा. एकच शिक्षिका दोन्ही भाषा शिकवत असेल तर जागा तरी बदलावी. नाहीतर गणिताच्या तासाला सूचना इंग्रजीत निसटू लागतात.

खरं नुकसान वहीत होत नाही, मैदानात होतं. चौथी-पाचवीत मुलं आपसांत इंग्रजीवर जातात, कारण भांडायला, चिडवायला, खेळाचे नियम ठरवायला त्यांच्याकडे गेलिक नसतं. वर्गाने त्यांना जलचक्र शिकवलेलं असतं, 'आता माझी पाळी', 'तू रडीचा डाव खेळलास' हे शिकवलेलं नसतं. हे मुद्दाम शिकवावं लागतं: खेळ घ्यायचा, त्यात लागणारी पंधरा वाक्यं काढायची, खेळून घ्यायची, आणि पुढच्या आठवड्यात तोच खेळ मैदानावर.

जुनावड

माझं मत जरा वेगळं आहे. हे सगळं स्वतंत्र गेलिक शाळेत जमतं. इंग्रजी शाळेतल्या एका तुकडीला नाही. तिथे परिपाठ इंग्रजीत, जेवण वाढणारी बाई इंग्रजी, बस इंग्रजी, मुख्याध्यापकांना गेलिक येत नाही. मूल वर्गाच्या दाराबाहेर पडलं की भाषा संपते. ग्लासगोला स्वतंत्र प्राथमिक शाळा १९९९ मध्ये झाली, इन्व्हर्नेसला २००७, एडिंबराला २०१३. उगाच नाही झाल्या.

उत्तरवारा

जुनावड, तत्त्वतः बरोबर. पण तुकडीच नको म्हटलं तर बऱ्याच गावांत काहीच उरत नाही. तुम्ही म्हणता त्या तिन्ही शहरांत आधी तुकड्याच होत्या. त्या भरल्या म्हणून शाळा झाल्या. २०१६ च्या शिक्षण कायद्याने पालकांना गेलिक माध्यमाच्या मागणीचा हक्क दिला, आणि त्यात एका वर्षगटात पाच मुलं दिसली की स्थानिक परिषदेला (शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेला) त्या मागणीची पूर्ण तपासणी करावी लागते. पाच मुलांवर शाळा उभी राहत नाही, तुकडी राहते. तुकडी असेल तर निदान जेवण वाढणारी आणि कार्यालयातली एक व्यक्ती गेलिक बोलणारी असावी यासाठी पालकांनी भांडावं. एक माणूसही पुष्कळ फरक पाडतो.

गणितवेल

छोट्या ठिकाणी पहिली-दुसरी-तिसरी एकत्र असते. संयुक्त वर्गाला कमाल २५ मुलांची मर्यादा आहे. भाषेच्या दृष्टीने ही सोयच आहे, तिसरीची मुलं पहिलीला बोलून दाखवतात. पण मग त्यांची भाषा पहिलीच्या पातळीवर अडकते. आठवड्यातून तीन वेळा तरी तिसरीला वेगळं बसवून 'कारण', 'जर-तर', 'मला असं वाटतं की' ही वाक्यं घ्यावी लागतात. शब्दयादी देऊन हे होत नाही. जलचक्रासाठी बाष्प, ढग, पाऊस हे शब्द दहा मिनिटांत येतात; 'पाणी तापलं म्हणून वर गेलं' हे वाक्य यायला आठवडा लागतो, आणि विज्ञान त्या वाक्यात आहे.

अक्षरगाठ

चुका दुरुस्त करण्याविषयी थोडं. पाचवीपर्यंत मुलं झरझर बोलतात, पण लिंग, षष्ठी आणि व्यंजन मऊ होणं कायमचं चुकीचं बसू शकतं. 'कशाची तरी उत्सुकता आहे' हे इंग्रजीवरून शब्दाला शब्द उचलून 'पुढे बघतोय' असं म्हणणं तर मोठ्यांतही पसरलं आहे. पहिलीत नुसतं बरोबर वाक्य परत म्हणून दाखवणं पुरतं. वरच्या इयत्तांत पुरत नाही, मुलाला वाटतं बाईंनी आपल्याशी सहमती दाखवली. तिथे आठवड्याला एकच चूक धरायची, ती फळ्यावर उघड सांगायची, आणि झाली की मुलाकडूनच वाक्य परत म्हणवून घ्यायचं. बाकीच्या चुका त्या आठवड्यात सोडून द्यायच्या.

पळसफूल

सगळ्यांचे आभार. शेवटचं: शिक्षक कुठून आणतात? आमच्याकडे गोंडी उत्तम येते त्यांच्याकडे डीएड नाही, आणि डीएडवाल्यांना गोंडी येत नाही.

जुनावड

तिथेही नेमकं हेच घोडं अडलंय. गेलिक आता कायद्याने अधिकृत भाषा आहे, २०२५ चा कायदा झाला. पश्चिम बेटांच्या परिषदेने २०२० मध्ये ठरवलं की पालकांनी वेगळं सांगितलं नाही तर पहिलीचा प्रवेश गेलिक माध्यमातच. पण जाहिरात देऊनही जागा रिकाम्या राहतात. पात्रताधारक शिक्षकांना भाषेत मुरवायला साउल मोर ऑस्टेग या गेलिक महाविद्यालयासारख्या ठिकाणी पूर्णवेळ अभ्यासक्रम आहेत. त्याला वर्ष जातं, आणि तेवढ्या काळाचा पगार कुणीतरी द्यावा लागतो.

तुमच्याकडे लगेच करता येईल ते हे: गोंडी येणाऱ्या बाईंना मदतनीस न म्हणता भाषेची मुख्य व्यक्ती म्हणून वर्गात ठेवा आणि डीएडवाल्या शिक्षकाने तिच्यासोबत रोज दुसऱ्या दिवसाची वाक्यं काढावीत. शब्द नाही, वाक्यं. दिवसाला आठ-दहा.

खडूपाटी

आणि प्रत्येक मुलाचं एक मिनिट बोलणं फोनवर ध्वनिमुद्रित करा: शाळा सुरू झाल्यावर दोन महिन्यांनी, मग जानेवारीत, मग वर्ष संपताना. तेच चित्र, तोच प्रश्न: "इथे काय चाललंय?" तिन्ही वेळा चित्र बदलू नका, नाहीतर तुलना होत नाही. जानेवारीत जे मूल अजून सुटे शब्दच बोलतंय त्याला वाचनाच्या पुढच्या पुस्तकावर नेऊ नका, आधी बोलायला चार-पाच मुलांच्या गटात घ्या.

पळसफूल

चित्र कुठलं घ्यावं? बाजाराचं चालेल?

खडूपाटी

चालेल, फक्त चित्रात माणसं काहीतरी करताना हवीत. नुसत्या वस्तू असल्या की मुलं नावं मोजून दाखवतात, आणि आपल्याला क्रियापदं ऐकायची आहेत.